छत्री सहायकाची पात्रता

प्रारंभीच स्वतःची पात्रता नमूद करतो, कारण हल्ली ती नमूद केल्याशिवाय कोणी पुढचं वाचत नाही. मी लक्ष्मणराव, एम.ए., बी.एड., राहणार तळेगाव (श्यामजी पंत), जिल्हा वर्धा. बसस्टँडच्या मागं माझे शिकवणी वर्ग आहेत. वर्गाच्या पाटीवर माझं नाव आहे आणि नावापेक्षा चार बोटं मोठ्या अक्षरांत पदव्या आहेत. या पाटीमुळेच पुंडलिकराव शेठजींनी मला आपल्या निवड समितीवर घेतलं, आणि त्यामुळेच पुढची सगळी हकीकत मी अगदी जवळून, म्हणजे खुर्चीवर बसून, पाहिली.

पुंडलिकरावांचा संत्र्याचा व्यापार. आमच्याकडं फळ झाडावर असतानाच बाग विकली जाते. व्यापारी बागेत येतो, झाडांमधून एक चक्कर मारतो, बागेत इतके हजार फळ आहे असं मनाशी ठरवतो आणि त्यावर सौदा होतो. मोजत कोणी बसत नाही. तीनशे झाडं मोजायला घेतली तर शेवटच्या झाडाशी पोहोचेपर्यंत पहिल्या झाडाची फळं गळून गेलेली असतात. म्हणून प्रत्येक व्यापाऱ्याकडं नजरेचा एक माणूस लागतो. पुंडलिकरावांकडं तो माणूस म्हणजे बंडूजी.

बंडूजींची पद्धत साधी होती. झाडाभोवती डावीकडून एक फेरी मारायची, खाली वाकून सावलीतून वर बघायचं, कानाची पाळी चोळायची आणि आकडा सांगायचा. एकतीस हंगाम त्यांनी असे आकडे सांगितले. एकदा पुंडलिकरावांनी गंमत म्हणून एका बागेचं तोडलेलं फळ मोजून घेतलं, तर एक क्रेट कमी भरला. दोन दिवसांनी तो क्रेट टेम्पोवाल्याच्या साळ्याकडं सापडला. बंडूजींचं शिक्षण चौथीपर्यंत. पाचवीची शाळा दुसऱ्या गावी होती आणि मधल्या वाटेवर बागा होत्या.

असं सगळं सुरळीत चाललं असताना शेठजींचे चिरंजीव रजत पुण्याहून एम.बी.ए. होऊन परत आले. त्यांनी पेढीची कंपनी केली आणि मोठ्या शहरातल्या एका मोठ्या खरेदीदाराचा अर्ज कॉम्प्युटरवर भरायला घेतला. अर्जात सेहेचाळीस रकाने होते. तीस रकाने बिनबोभाट भरले गेले. एकतिसावा होता, 'पीक-अंदाज अधिकाऱ्याची शैक्षणिक पात्रता'. त्याखाली निवडायला एक यादी होती आणि ती यादी पदवीपासून सुरू होत होती. त्याच्या खालचं शिक्षण जगात असतं, याची त्या यादीला कल्पना नव्हती. रजतनं रकाना कोरा ठेवून पाहिला, तर सगळा अर्ज लाल झाला. 'अनुभव' असं लिहून पाहिलं, तर मशीननं उत्तीर्ण झाल्याचं वर्ष विचारलं.

पुंडलिकराव जुन्या वळणाचे. ते मुलाला म्हणाले, “बंडूजीले डिग्री नाई म्हणून आपले संत्रे कमी झाले का रे?”

यावर रजतनं जे सांगितलं ते मी वहीत लिहून ठेवलं आहे, कारण नोकऱ्यांचं सारं शास्त्र त्यात आलं आहे. “बाबा, डिग्रीवाला चुकला तर चूक त्याच्या युनिव्हर्सिटीची. बंडूजी चुकले तर चूक आपली. कोणी विचारलं, याला ठेवला कोणी, तर दाखवायला कागद पाहिजे ना.” बंडूजी एकतीस वर्षांत चुकले नाहीत, असं शेठजींनी निदर्शनास आणलं. रजत म्हणाला, तोच तर मोठा धोका आहे, एवढ्या वर्षांची चूक साचून बसलेली असणार. मी एम.ए., बी.एड. असल्यामुळं मान डोलावली.

रीतसर जाहिरात दिली गेली. दोनशे चौदा अर्ज आले. मुलाखती गोदामात, रिकाम्या क्रेटच्या भिंतीला टेकून झाल्या. समितीत शेठजी, रजत आणि मी. गोदामाच्या मागं संत्र्याचं एकुलतं एक झाड आहे. उमेदवारानं खिडकीतून ते बघायचं आणि फळांचा आकडा सांगायचा, एवढीच परीक्षा. संत्र्याच्या पानाच्या खालच्या बाजूवर पडणाऱ्या बुरशीत पीएच.डी. केलेले एक गृहस्थ आले. फळं आपल्या विषयात येत नाहीत, असं त्यांनी नम्रपणे सांगितलं. पुलगावचा स्वप्निल अकरा डिप्लोमे घेऊन आला होता. त्यातला एक आत्मविश्वासाचा होता आणि त्याच्या जोरावर त्यानं खिडकीकडं न बघताच आकडा सांगितला.

अडचण अशी आली की, कोणाचा आकडा बरोबर हे समितीला ठरवता येईना. बरोबर आकडा ठाऊक असलेला माणूस दाराशी माठाजवळ बसून उमेदवारांना पाणी देत होता. शेठजींनी त्याला विचारायचं सुचवलं. रजतनं स्वच्छ विरोध केला. पदवीधरांची उत्तरं चौथी पास माणसाकडून तपासून घ्यायची असतील तर पदवीधर घेण्यात अर्थच काय उरला, हा त्याचा मुद्दा बिनतोड होता. शेवटी निवड निःपक्षपाती व्हावी म्हणून उमेदवारांच्या फायली क्रेटच्या वजनकाट्यावर ठेवण्यात आल्या. देवळीच्या योगेंद्रची फाइल चार किलो सहाशे ग्रॅम भरली. स्वप्निलनं प्लास्टिकच्या फोल्डरवर हरकत घेतली. तो वजा करूनही योगेंद्र पुढंच राहिला.

योगेंद्र पोरगा मोठा गुणी. संख्याशास्त्रात एम.एस्सी., त्यावर एम.बी.ए., त्यावर सतरा प्रमाणपत्रं, आणि एवढं होऊन स्वभाव गरीब. नेमणुकीचं पत्र हातात पडल्यावर त्यानं मला बाजूला घेऊन खरं काय ते सांगितलं. तो देवळीकडचा, पराटी म्हणजे कपाशी आणि सोयाबीनमध्ये वाढलेला. संत्र्याचं झाड त्यानं आजवर फक्त एसटीच्या खिडकीतून पाहिलं होतं. मी त्याला म्हटलं, काळजी करू नको, आता ते तुला ऑफिसच्या खिडकीतून पाहायचं आहे.

पहिली बाग कोकिळाबाईंची निघाली. या बाई नवऱ्याच्या मागं अडीचशे झाडं एकहाती सांभाळतात आणि बोलायला फटकळ आहेत. योगेंद्रनं झाडांना खडूनं क्रमांक घातले, चिठ्ठ्या टाकून त्यातली तीस झाडं निवडली आणि मोजायला बसला. अकराव्या दिवशी त्याचं मोजून झालं. बाग नवव्या दिवशी दुसऱ्या व्यापाऱ्यानं घेतली होती. कोकिळाबाईंनी त्याला शेवटचे दोन दिवस चहाही दिला, कारण पोरगं उन्हात बसून मोजून राह्यलं, त्याला बाग विकली हे सांगायला त्यांच्या जीवावर आलं.

दुसऱ्या बागेला त्यानं घाई केली. सूत्र वापरून संध्याकाळच्या आत उत्तर काढलं. उत्तर आलं दोन लाख अकरा हजार, कमी-जास्त दोन लाख नऊ हजार. शेठजींनी शांतपणे विचारलं की सौदा कमीवर करायचा की जास्तवर. योगेंद्रला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

इकडं बंडूजींचं काय करायचं हा प्रश्न होताच. शेठजींना त्यांना काढायचं नव्हतं आणि रजतला त्यांना दाखवायचं नव्हतं. मग मीच तोडगा सुचवला, त्याचा मला त्या वेळी अभिमान वाटला होता. पीक-अंदाज अधिकाऱ्याला उन्हापावसाचं बागेत फिरावं लागतं, तेव्हा त्याच्या डोक्यावर छत्री धरायला एक कर्मचारी असावा. पद निर्माण झालं : छत्री सहायक (अंदाज विभाग). बंडूजींना सांगितलं, तेव्हा ते एवढंच म्हणाले की बागेत तर जाऊ देशान ना. हो म्हटल्यावर त्यांनी छत्री उघडून बघितली, एक काडी वाकडी होती ती सरळ केली.

तिसऱ्या बागेपासून कंपनीचं भाग्य उघडलं. योगेंद्र पुढं आणि छत्री घेऊन बंडूजी मागं, अशी जोडी निघायची. योगेंद्र झाडाकडं बघायचा. मागून छत्रीखालून हळूच आकडा यायचा. योगेंद्र तो लिहून घ्यायचा, त्यापुढं कमी-जास्त चार टक्के असं टाकायचा आणि रात्रभर बसून अठरा पानांचा अहवाल करायचा. त्यात रंगीत आलेख असत. मोठा खरेदीदार खूश झाला. त्याच्याकडून प्रशस्तिपत्र आलं, ते रजतनं काचेत लावलं. पदवीधर माणूस ठेवल्यावर काय फरक पडतो हे शेठजींनी आता तरी पाहावं, असं तो चारचौघांत बोलू लागला.

योगेंद्रला मात्र यात समाधान नव्हतं. रोज संध्याकाळी तो बंडूजींच्या पाया पडायचा आणि बंडूजी रोज लाजायचे. शिकवा म्हणायचा, तर बंडूजी शिकवत. “वरून पाहू नोका साहेब, सावलीतून पाहा. पानाआड लपलेलं फळ सावलीत दिसते.” महिनाभरात योगेंद्रचा आकडा झाडामागं शंभराच्या घरात चुकायला लागला. आधी तो हजारांत चुकत असे. बंडूजींना त्याचं कोण कौतुक. सारं असंच चालू राहिलं असतं तर मला ही हकीकत लिहावी लागली नसती.

दिवाळीच्या आधी मोठ्या खरेदीदाराचं तपासणी पथक आलं. त्यांनी कर्मचाऱ्यांची यादी मागितली, ती चाळली, आणि एका नावापुढं बोट ठेवलं. छत्री सहायक हे पद तांत्रिक विभागात मोडतं. तांत्रिक विभागातल्या प्रत्येक पदाला किमान बारावी किंवा त्या विषयातलं कौशल्य प्रमाणपत्र हवं. चौथी पास माणसाच्या हातात छत्री देणं धोरणाविरुद्ध आहे. एका महिन्यात पूर्तता करा, नाहीतर कर्मचाऱ्याला बागेत प्रवेश देऊ नका. पथक हे सांगत असताना बाहेर ऊन होतं आणि बंडूजी त्यातल्या मुख्य साहेबांच्या डोक्यावर छत्री धरून उभे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी शोभाबाई माझ्या वर्गावर आल्या. या बंडूजींच्या घरधनीण. मुलं पाढे म्हणत होती, त्या दाराशीच उभ्या राहिल्या. मी आत बोलावलं तर चपला बाहेर काढून आल्या. त्यांनी सांगितलं की मागच्या वर्षी बंडूजी तापानं पंधरा दिवस घरी पडून होते, तर पडल्या पडल्या छपराची कवेलू, म्हणजे कौलं, मोजत होते. सगळी मोजून झाली की पुन्हा पहिल्यापासून. ताप उतरला, पण माणूस बागेत गेला तेव्हा कुठं जेवला.

“बागेत नाई गेला तर हा माणूस मरून जाईन जी,” त्या म्हणाल्या. “तुमी शिकले-सवरलेले. तुमचा शब्द चालते तिथं. काहीतरी करा, सर.”

मी शब्द दिला. हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण शब्द मी दिला होता.

मी चौकशी केली. वर्ध्यात एक प्रशिक्षण संस्था आहे, तिथं अनुभवी कारागिरांची थेट परीक्षा घेऊन कौशल्य प्रमाणपत्र देतात. शाळेची अट नाही. अर्ज मी स्वतः भरला. विषय : फळ-अंदाज. संस्थेनं कळवलं की परीक्षा घेऊ, पण या विषयातला परीक्षक आमच्याकडं नाही. जिल्ह्यात या विषयावर अधिकृतपणे काम करणारी एकच व्यक्ती आढळते, ती म्हणजे श्री. योगेंद्र. त्यांनी प्रश्न काढावा, आदर्श उत्तर सीलबंद पाकिटात द्यावं आणि परीक्षा घ्यावी. संस्थेची निरीक्षक हजर राहील.

योगेंद्र आनंदानं वेडा व्हायचा बाकी राहिला. गुरूचं ऋण फेडायची एवढी सोपी संधी कोणाला मिळते? प्रश्न त्यानं ठरवला : गोदामाच्या मागच्या झाडावर किती फळ आहे. आदर्श उत्तर मात्र त्याला स्वतःच्या नजरेवर सोडवेना, शंभर इकडंतिकडं झाले तर बंडूजी नापास व्हायचे. म्हणून परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी तो बंडूजींना बोलत बोलत झाडाशी घेऊन गेला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं. बंडूजींनी फेरी मारली, कान चोळला आणि सांगितलं, सातशे बारा. योगेंद्रनं घरी जाऊन सातशे बारा लिहिलं, पाकिटाला लाख लावली, आणि बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवला.

परीक्षेच्या दिवशी मी सकाळी सातलाच पोहोचलो. गोदामाच्या पत्र्यावर धडधड आवाज झाला म्हणून वर पाहिलं, तर वांदरांची एक टोळी पत्र्यावरून पलीकडच्या कडुनिंबावर चालली होती. प्रत्येकाच्या तोंडात एकेक संत्रं होतं आणि एका पिल्लानं दोन धरली होती. झाडाखाली सालींचा सडा पडला होता. मी रुमाल झटकून खुर्चीवर बसलो.

नऊ वाजता संस्थेच्या ज्योत्स्ना मॅडम आल्या. वयानं लहान, पण कामात चोख. झाडाखाली टेबल मांडलं, त्यावर सीलबंद पाकीट. एका बाजूला शेठजी आणि रजत, दुसऱ्या बाजूला मी. बंडूजींनी धुतलेला सदरा घातला होता. शोभाबाई कुंपणापाशी उभ्या होत्या.

बंडूजींनी फेरी मारली. खाली वाकले, सावलीतून वर पाहिलं. पायानं साली जरा बाजूला केल्या. कान चोळला. आणि सांगितलं, “सहाशे चाळीस.”

योगेंद्र जागचा उठला. मॅडमनी लाख फोडली, कागद बाहेर काढला, वाचला, आणि पुन्हा विचारलं. बंडूजींनी पुन्हा तेच सांगितलं. योगेंद्र न राहवून त्यांच्या कानाशी वाकला, म्हणाला, काकाजी, काल सांगतलेला आकडा सांगा ना. कुजबुज सगळ्यांना ऐकू गेली.

“कालचा आकडा कालच्या झाडाचा होता, बाबू,” बंडूजी म्हणाले. “सकाळी वांदरं येऊन गेले. आता सहाशे चाळीसच हाय. झाडाच्या समोर उभं राहून खोटं कसं बोलू मी?”

मॅडमनी सांगितलं की आदर्श उत्तर सातशे बारा आहे आणि उमेदवाराचं उत्तर बहात्तरनं चुकलं आहे. बंडूजी म्हणाले, मग तोडा अन् मोजून घ्या, इथंच बसतो मी. मॅडमनी नियमपुस्तिका उघडली. मोजणी हा या परीक्षेचा भाग नव्हता. उत्तर जर मोजूनच ठरवायचं असेल तर ते सीलबंद कशाला करायचं, हा त्यांचा प्रश्नही तसा रास्त होता. योगेंद्र म्हणाला, उत्तर माझंच आहे मॅडम, मी बदलून देतो. मॅडम म्हणाल्या, सील फोडल्यावर उत्तर बदलणारा परीक्षक कायमचा अपात्र होतो, आणि मग त्यानं घेतलेली परीक्षाही रद्द होते. योगेंद्र खाली बसला.

“एक मार्ग आहे,” मॅडम पान उलटत म्हणाल्या. “उपस्थितांपैकी कोणी पदव्युत्तर व्यक्ती लेखी हरकत घेऊ शकते. परीक्षक आणि मालक सोडून. झाडाची स्थिती कालपासून बदलली हे स्वतः पाहिलं, एवढं लिहायचं. सोबत पदवीची साक्षांकित प्रत जोडायची. तेवढ्यावर मी फेरपरीक्षा लावते.”

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. एक अर्धवट खाल्लेलं संत्रं माझ्या बुटापाशी पडलं होतं. मी सांगितलं की माझी प्रमाणपत्रं या क्षणी हाताशी नाहीत. मॅडम म्हणाल्या, उद्या आणली तरी चालतील. उद्या मला वेळ नव्हता. परवा? परवा बाहेरगावी जायचं होतं. बोलता बोलता मी ते संत्रं बुटानं टेबलाखाली सारलं.

मॅडमनी निकालपत्रावर लिहिलं, 'अनुत्तीर्ण. विषयाचं ज्ञान असमाधानकारक.' खाली परीक्षक म्हणून योगेंद्रची सही झाली. मॅडम निघाल्या तेव्हा रजतनं त्याच झाडाची दोन संत्री तोडून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती गाडीत बसण्याआधीच खाल्ली आणि गोड आहेत म्हणाल्या.

बंडूजींनी छत्री मिटली, गोदामात खिळ्याला अडकवली आणि शोभाबाईंबरोबर पायी घरी गेले. दुसऱ्या दिवशी त्या झाडाची फळं तोडायला काढली. क्रेट भरणाऱ्या मंदाबाईंना एकेक फळ मोजून भरायची सवय आहे. त्यांचा आकडा आला सहाशे अडतीस. त्यांनी तो मला सांगितला आणि म्हणाल्या, सर, दोनचा फरक येऊन राह्यला. मी म्हटलं, फरक नाही.

शोभाबाई मला बाजारात भेटल्या. मी तोंड चुकवायच्या बेतात होतो. त्या थांबल्या, म्हणाल्या, तुमी तिथं गेलते, येवढं केलं, कोण करते आजकाल. मी भाजी न घेताच परत आलो. लाज वाटली, हे सरळ लिहून टाकतो.

बंडूजी मात्र मेले नाहीत. आठ दिवस कवेलू मोजल्यावर नवव्या दिवशी कोकिळाबाई त्यांच्या दारात आल्या आणि बागेत चला म्हणाल्या. कोणता कागद आहे, नाही, काही विचारलं नाही. त्यांची मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्यात धरलेल्या दुसऱ्या फळाची, बाग बंडूजींनी पाहिली आणि आकडा सांगितला. शेठजींचे योगेंद्र साहेब आले ते नव्या छत्री सहायकाला घेऊन. हा बी.ए. आहे आणि छत्री साहेबांवर धरण्याऐवजी फायलीवर धरतो. मागून आकडा सांगणारं कोणी नसल्यानं योगेंद्रचा आकडा बंडूजींच्या आकड्याहून साठ हजारांनी कमी निघाला. कोकिळाबाई त्याला म्हणाल्या, बाबू, तू चहा घे. आणि बाग बंडूजींच्या आकड्यानं दुसऱ्याला दिली. आता पाच-सात गावांचे बागवाले बंडूजींना आधी नेतात आणि व्यापाऱ्याला नंतर बोलावतात. शेठजी गल्ल्यावर बसून काचेतल्या प्रशस्तिपत्राकडं बघत असतात.

इथं हकीकत संपायला हरकत नव्हती. पण गेल्या आठवड्यात बागवाल्यांनी मिळून स्वतःची कंपनी काढली. थेट मोठ्या शहरात माल पाठवायचा बेत आहे. त्यांनाही अर्ज आला. सेहेचाळीस रकान्यांचा. एकतिसाव्याशी येऊन सगळे थांबले, आणि मग कोणीतरी म्हणालं की निवड समिती नेमावी लागेल, तिच्यावर एखादा शिकलेला माणूस घ्या. ते सगळे मिळून माझ्याकडं आले. बंडूजीही त्यांच्याबरोबर होते. मी होकार दिला आहे.

आता शेवटचं. माझी पाटी गावातल्या ज्या पेंटरनं रंगवली, त्यानं चार फुटांचा पत्रा आणला होता. त्यावर नुसतं 'लक्ष्मणराव' लिहिल्यावर पत्रा फार मोकळा दिसू लागला. काहीतरी टाकावं लागेल म्हणून त्यानं विचारलं, आणि मी चहा पीत होतो म्हणून त्यानंच 'एम.ए., बी.एड.' टाकलं. मी पुसलं नाही. माझं शिक्षण बारावी, तेही इंग्रजीत अडकलेलं. एकवीस वर्षांत ना कोणा पालकानं कागद मागितला, ना पुंडलिकरावांनी, ना मी भरलेला अर्ज घेणाऱ्या संस्थेनं. मागितला तो फक्त त्या एका सकाळी, झाडाखाली, आणि तेव्हा मी काय केलं ते तुम्ही वाचलंच आहे.

तुम्हीही मागितला नाहीत. सुरुवातीलाच मी चार अक्षरं लिहिली आणि तुम्ही मला सर म्हणून इथपर्यंत आलात. त्याबद्दल तक्रार नाही. वांदरं मी त्या सकाळी सात वाजता माझ्या डोळ्यांनी पाहिली होती, पिल्लानं दोन संत्री धरली होती, हे अक्षर न् अक्षर खरं आहे. फक्त एवढंच विचारायचं आहे की, माझी बारावी राहिलेली आहे हे कळल्यापासून, त्या वांदरांबद्दल तुम्हाला जरा शंका यायला लागली आहे की नाही?